मामांना गोष्ट ऐकायला जागा पाहिजे

अन्याय झाला तो माझ्या आत्याच्या यजमानांवर, आणि त्यांच्याहून जास्त आष्ट्याच्या शमीमभाभींवर. कधी, तर गेल्या सोमवारी सकाळी पावणेअकरा वाजता. कुठे, तर सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका वाचनालयात, खिडकीजवळच्या बाकावर. मोर्चांची पत्रकं लिहून लिहून मला असंच लिहायची सवय लागली आहे, आणि ती मोडायला ज्यांनी सर्वांत जास्त घाम गाळला ते हेच आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा.

मी छातीठोकपणे सांगतो, साताऱ्यापासून सांगलीपर्यंत नव्या कथालेखकांचा मामांइतका छळ कुणी केलेला नाही आणि त्यांना मामांइतकं जपलेलंही कुणी नाही. स्वतः या माणसाने जन्मात एक ओळ लिहिलेली नाही. सांगलीच्या बाजारात एका अडत दुकानात उभा जन्म त्यांनी हळद पारखली. पोत्याच्या तोंडाशी सगळेच चांगला माल ठेवतात, म्हणून मामा थेट पोत्याच्या पोटात हात घालायचे, मधलं हळकुंड काढायचे आणि कानाशी धरून मोडायचे. कट्‌कन वाजलं तर माल वाळलेला. नुसतं वाकलं तर आत ओल. निवृत्त झाल्यावर पेपर वाचायला वाचनालयात जाऊ लागले, तिथे कुणीतरी त्यांना आपली कथा दाखवली, आणि मामांनी सवयीने मधलं पान ओढून काढलं. झालं. तेव्हापासून त्या बाकावर दर सोमवारी गोष्टींचा बाजार भरू लागला.

पहिलं पान मामा बघतच नाहीत. मधलं पान लेखकाने स्वतः मोठ्याने वाचायचं, मामा डोळे मिटून ऐकणार, आणि एखादं वाक्य लिबलिबीत निघालं की डोळे न उघडताच म्हणणार, "वाकलं." एवढंच. पुढचं लेखकाने समजून घ्यायचं. कुणी लिहिल्या लिहिल्या गोष्ट घेऊन धावत आला तर त्याला परत पाठवायचे. हळद शिजवल्यावर पंधरा दिवस उन्हात पडते, तुझी गोष्ट काय आकाशातून पडली का, म्हणायचे. कुणी सहाव्यांदा शब्द घासून पुसून आणले की त्यालाही झापायचे, कारण हळदीला पॉलिश जास्त केलं की चमक येते आणि वजन जातं.

मी त्यांना माझी पहिली कथा ऐकवली ती पाण्याच्या टँकरमधल्या भ्रष्टाचाराची होती. तिच्यात एक इंजिनिअर होता आणि तो पहिल्या शब्दापासून हरामखोर होता. मामांनी ऐकून विचारलं, "ह्यो मानूस दुपारी जेवला काय?"

मी म्हणालो, त्याचा इथे काय संबंध?

"तुला ठाव न्हाई, व्हय ना? मग जो जेवला का उपाशी हाय ते तुला ठाव न्हाई, त्याला फाशी द्यायची एवढी घाई का रं?"

मी चिडून आठ दिवस तिकडे फिरकलो नाही. नवव्या दिवशी त्या इंजिनिअरला डबा दिला, डब्यात कारल्याची भाजी दिली, आणि हरामखोर पहिल्यांदा खरा वाटू लागला. भ्रष्टाचार होता तिथेच राहिला, उलट जास्त टोचू लागला.

एक निवृत्त सुभेदार यायचे. त्यांच्या कथेत नायक सहा वाजता उठे, सव्वासहाला नायिका दिसे आणि साडेसहाला प्रेम पूर्ण होई. मामांनी विचारलं, सीमेवरनं बायकोला पत्रं लिवत होतासा न्हवं, तसं लिवा की. सुभेदार लाजून म्हणाले, तिला वाचता यायचं नाही, शेजारीण वाचून दाखवायची. मामा म्हणाले, "मग तर लय ब्येस. शेजारनीला कळू न देता बायकोला जे कळवत होतासा, ती खरी गोष्ट." सुभेदार त्या दिवशी उठून गेले आणि महिन्याने जे घेऊन आले ते ऐकताना मामा एकदाही "वाकलं" म्हणाले नाहीत.

आणि शमीमभाभी. घरचा धंदा गाद्या शिवायचा. त्यांनी वारलेल्या सासूवर गोष्ट लिहायला घेतली आणि तिला दुसऱ्याच पानावर देवदूत करून टाकलं. मामांनी विचारलं, सासू भांडायची न्हाई काय? भाभी पदर तोंडाला लावून हसल्या, "आवं मामा, लय भांडायची."

"मग ती ह्यात कुटं हाय?"

पुढचे तीन महिने भाभी दर सोमवारी आष्ट्याहून एसटीने येऊन सासूशी कागदावर भांडत होत्या. गेल्या सोमवारी शेवटचं भांडण वाचत होत्या. लेकीच्या लग्नाची गादी कोण शिवणार यावरून दोघींची जुंपली होती, भाभींचा आवाज चढला होता, सासू आता काहीतरी बोलणार, तेवढ्यात वाचनालयाचे कार्यवाह आले. स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यास करतात, इथे मोठ्याने वाचायला मनाई आहे, म्हणाले. वाचनालयात वाचायला मनाई! मुलांना शांतता हवी हे मला मान्य आहे. पण बसायला दुसरी खोली मागितली तर ती रद्दीने भरली आहे म्हणाले, हे मला मुळीच मान्य नाही. भाभींनी वाक्य अर्ध्यावर सोडलं, कागदाची घडी केली आणि बस गाठली.

परवा मामांना भेटायला गेलो तर कृष्णेच्या घाटावर एकटेच बसले होते. मी पत्रक काढतो म्हणालो, मोर्चाचंही बोललो. मामा म्हणाले, "माझं काय, मला टीवी हाय. त्या बाईची सासू काय बोलली आसंल रं? घरात सगळ्यांम्होरं भाभीला वाचता येत न्हाई. आन न्हाई वाचलं तर ती लिवायची पन न्हाई."

भाभींना फोन केला. कागद कपाटात ठेवलाय म्हणाल्या, बघू पुढं.

म्हणून हे पत्रक नाही, मागणी आहे, आणि ती वाचनालयाकडे नाही, तुमच्याकडे आहे. सांगलीत तुमचं घर असेल, घराला ओटा, सोपा, गच्ची काहीही असेल, तर येत्या सोमवारी सकाळी तासभर ते उघडं ठेवा. दोन खुर्च्या मांडा. एक म्हातारा डोळे मिटून बसेल आणि एक बाई मोठ्याने भांडेल. त्यांना गप्प बसा म्हणू नका.