लखनौमधून कुणीतरी क्लिक करतंय

परक्या शहरात नोकरी केली की पगारातलं काही शिल्लक राहो न राहो, किस्से मात्र साठत जातात! घरी सांगायला कुणी नसतं ना, म्हणून. माझं कुटुंब नागपूरला, मुलीच्या शाळेमुळे. मी लखनौला, बँकेच्या बदलीच्या कृपेने, गोमती नगरच्या फ्लॅटमध्ये एकटा. त्यामुळे दर रविवारी सकाळी मी मानक नगरला वानखेडे साहेबांकडे पोहे खायला जातो. साहेब रेल्वेत इंजिनिअर, निवृत्तीला आलेले. पत्नी वारल्यापासून क्वार्टरमध्ये एकटेच. तिसरे मोघे, एका विमा कंपनीत लॉ ऑफिसर. मला कॉम्प्युटरमधलं कळतं, असा या दोघांचा गैरसमज आहे. म्हणून जाहिराती लपवणारा ॲड-ब्लॉकर बसवायचं खातं माझ्याकडे!

*

पहिलं गिऱ्हाईक मोघे. "राऊत, हे बंद कर यार. ऑफिसात लाज जाते."

पाहतो तर स्क्रीनभर जाहिराती. एका माणसाचा कुकर, एका माणसाचा पलंग, एका माणसापुरतं वॉशिंग मशीन.

मी विचारलं, "वहिनी?"

"माहेरी गेली. कायमची. मी कुणाला बोललो नव्हतो रे. फक्त एक लहान कुकर शोधला. तेवढ्यावरून इंटरनेटला सगळं कळलं!"

ब्लॉकर बसवून दिला. मग आम्ही चहा प्यायलो आणि क्रिकेटवर बोललो.

*

वानखेडे साहेबांना हे मुळीच पटलं नाही. कारण त्यांची मुलगी शिल्पा. नोकरी सोडून ती पुण्यात वऱ्हाडी पदार्थांची वेबसाइट चालवते. तिचं घर त्या साइटवरच्या जाहिरातींवर चालतं.

"मोघे, लग्नात पोटभर जेवायचं आणि आहेर न देता मागच्या दाराने सटकायचं, असं झालं हे!"

"साहेब, आहेर देतो की! पण बँडसमोर उभं राहायलाच पाहिजे, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय? लॅपटॉप माझा, त्यावर काय दिसावं ते मी ठरवणार. पेपरातली जाहिरात न बघता पान उलटलं, तर पोलीस येतात का?"

"मी कायद्याचं नाही, इमानाचं विचारतोय."

"ते आमच्या डिपार्टमेंटला येत नाही!"

तरी शिल्पाच्या साइटपुरता ब्लॉकर बंद ठेवायचं साहेबांनी आमच्याकडून कबूल करून घेतलंच.

*

बाकी ठिकाणी माझा ब्लॉकर चालूच. एका संध्याकाळी डबा उघडून जेवता जेवता बातम्या वाचायला घेतल्या, तर स्क्रीनवर पाटी आली : 'तुम्ही जाहिराती लपवत आहात, हे आम्हाला दिसतंय.'

समोर पातळ डाळ, घरात चिटपाखरू नाही. खरं सांगतो, बरं वाटलं. म्हटलं, चला, कुणीतरी बघतंय!

बायकोला फोनवर हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही या महिन्यात येऊन जा."

*

साहेब मुलीच्या साइटवरच्या जाहिराती कशा बघतात, ते पाहण्यासारखं असतं. सभेत अध्यक्षांचं भाषण ऐकावं तसे, ताठ बसून, शेवटपर्यंत. जाहिरात बघून झाली की तिच्यावर क्लिक. रोज, प्रत्येक पानावर! म्हणतात, "तेवढाच पोरीला हातभार."

एकदा शेजारचे शुक्लाजी वैतागले. "अरे वानखेडे जी, स्किप कर दीजिए न!"

"नहीं शुक्लाजी, बेटी का है."

शुक्लाजींनी चष्मा सावरून स्क्रीनकडे पाहिलं. बनियनची जाहिरात चालू होती. "अच्छा," ते अदबीने म्हणाले, "तो ये दामाद जी हैं?"

*

शिल्पा स्वतःहून फोन करत नाही. साहेबांनी केला की, "बाबा, कामात आहे, नंतर करते." ते 'नंतर' सहसा येत नाही. त्यामुळे गेल्या रविवारी तिचा फोन आला, तेव्हा साहेबांनी आनंदाने स्पीकरच लावला. "बोल बेटा! मोघे आणि राऊतही आहेत इथे."

"बाबा, जाहिरातवाल्या कंपनीने माझे पैसे बंद केलेत." तिचा आवाज रडका होता. "म्हणतात, कुणीतरी मुद्दाम खोटे क्लिक करतंय. रोज, एकूण एक पानावर. हे थांबलं नाही तर खातंच बंद करतील. आणि सगळे क्लिक लखनौमधून आहेत, बाबा."

मोघ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे.

"लखनौ मोठं शहर आहे, बेटा," साहेब म्हणाले.

"तिकडे कुणी माझ्या वाईटावर असेल का?"

"नाही गं. वाईटावर कोण असणार?" साहेबांनी घसा साफ केला. "थांबेल ते. तू काळजी करू नको. जेवलीस का?"

"नंतर बोलते, बाबा."

फोन बंद झाला. साहेब आतून लॅपटॉप घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवला. "राऊत, तो ब्लॉकर बसव."

मोघे हळूच म्हणाले, "साहेब, त्यापेक्षा काही दिवस तिची साइट उघडूच नका ना."

साहेबांनी ते ऐकलंच नाही. मला विचारलं, "हे बसवल्यावर, कुणी येऊन गेलं, ते तिला तिकडे दिसतं?"

"बहुतेक नाही दिसत, साहेब. हा ब्लॉकर येणाऱ्याची मोजणीही अडवतो."

"म्हणजे मी रोज आलो, तरी नाही?"

"नाही."

साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडे आणखी सरकवला. मग म्हणाले, "बरं, बसव." आणि मोघ्यांच्या डिशमध्ये आणखी पोहे वाढले.