आईचा बिनआवाजाचा म

आल्मेरेहून ॲमस्टरडॅमला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत ते एकदाच माझ्यासमोर बसले होते. साठीचे, सावळे गृहस्थ. फोनवर एका म्हातारीचं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकत होते. मी बघतोय हे कळल्यावर म्हणाले, "माझी आई. पॅसिफिकमधल्या मारे बेटावरची. आमची भाषा नेंगोने. गेल्या वर्षी गेली ती."

मी काय करतो, असं त्यांनी विचारलं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, त्यामुळे कामाबद्दल सांगताना मला अजूनही बरं वाटतं. "फोनवरच्या बोलण्यातून गोंगाट काढून टाकणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो," मी म्हणालो.

"मग तुम्हीच सांगा, काढलेलं परत आणता येतं?"

त्यांनी माझं बोट आपल्या नाकाखाली धरलं. ओठ मिटून आधी मराठीतल्यासारखाच म म्हटला. मग दुसरा म्हटला, त्यात आवाज नव्हता, नुसती गरम हवा बोटाला लागली. त्यांच्या भाषेत हे दोन म वेगळे. आईच्या रेकॉर्डिंगमध्ये समुद्राचा वारा फार होता, म्हणून त्यांनी ते असल्याच एका ॲपमधून स्वच्छ केलं आणि मूळ पुसून टाकलं. वाऱ्याबरोबर दुसरा म सगळीकडून गेला होता.

"नाही येत परत," मी म्हणालो.

"यंत्राला वाटलं, म्हातारी नुसता श्वास घेतेय."

त्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. आईचा शब्द जिथे तुटत होता, तिथे ते स्वतः नाकातून हवा सोडून तो पुरा करत होते.