माप धरणारा हात

मुलांनो, इंग्रजी शिकून मला काय मिळालं, असं तुम्ही मागे फोनवर विचारलं होतंत. तेव्हा नीट उत्तर सुचलं नव्हतं. परवा जे घडलं ते सांगते.

भिंगारला आमच्या शेजारणीचे वडील शेवगावकडच्या खेड्यातून आले. पिशवीत कोर्टाच्या एका जुन्या इंग्रजी निकालाची झेरॉक्स होती, नातवाने सरकारी दप्तरातून मिळवलेली. इंग्रजांच्या काळात, मोठ्या दुष्काळात, त्यांच्या आजोबांनी गावकऱ्यांबरोबर एका व्यापाऱ्याचं पेव, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, फोडलं होतं. तुरुंगही भोगला. तेव्हापासून त्या घराला गावात 'पेवफोडे' म्हणतात. भांडण झालं की हमखास.

"बाई, आजा चोर हुता का, तेवडं सांगा. आता माजं वय झालं."

"आबा, आदी चहा घ्या," लेक म्हणाली. "शंभर वर्सं थांबलाय कागद, धा मिनिटं थांबंल."

"तू घे. माजा थांबंल."

मी पेन्सिल घेऊन वाचायला बसले. अक्षर सुरेख, परिच्छेदांना क्रमांक. असं टापटिपीचं लिखाण मला लहानपणापासून आवडतं. सरकारचं म्हणणं असं, की धान्य बाजाराच्या वाटेने येईल, आपण मध्ये पडायचं नाही. पेव फुटल्यावर मात्र नगरहून शिपाई लगेच निघाले.

पुढे मी अडखळले. भुकेच्या भरात कुणी ओरबाडून नेलं असतं तर निकाल देणारा इंग्रज साहेब सौम्य वागला असता. पण इथे धान्य पायलीने मोजून, घरातली तोंडं पाहून वाटलं होतं. विधवांच्या घरी आधी. एवढी शिस्त कटाशिवाय शक्य नाही, असं साहेबाने ठरवलं. सगळ्यांत जास्त शिक्षा माप धरणाऱ्याला झाली.

"माप कुनाच्या हातात हुतं?"

"तुमच्या आजोबांच्या."

आबा लेकीकडे वळले. "चोराच्या हातात गाव माप देतंय व्हय गं?"

मला साहेबाचा रागही धड येईना. नीटनेटकं काम दिसलं की माझं मन भरतं. त्याला त्यातच गुन्हा दिसला. खळ्यावर माप कुणाच्या हाती देतात, हे त्याला कुणी सांगितलं नसेल. की सांगूनही त्याने ऐकलं नसेल?

आबांनी मराठीत लिहून मागितलं. मी वाटपाचा भाग तेवढा उतरवून सही करू लागले, तर त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"शिक्षा बी लिवा. न्हाईतर म्हनतील, बाईनं पदरचं लिवलं."

मी शिक्षेसकट सगळं लिहिलं. जेवायला न थांबता ते दुपारच्या एसटीने निघाले. संध्याकाळी पारावर माणसं जमायच्या आत त्यांना गाव गाठायचं होतं.