रिपोर्टमधली शेवटची ओळ

“आमच्या पोरीनं इंग्रजीत वाचलंय, ती हृदयाची गोळी आतड्यालाबी चांगली असती. तिच्यामुळंच इतके दिवस निघाले, न्हाईतर कवाच उरकलं असतं,” अण्णा काकांना सांगत होते. मी दाराआड चहाचा ट्रे धरून उभी.

अण्णा माझे वडील. सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर असायचे. आता आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत गेलाय. आणि एक गोष्ट मी मैत्रिणीला काय, आईलाही कळू दिली नव्हती — ती तुम्हाला सांगतेय.

घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटी. बँकेचं पत्र, औषधाची चिठ्ठी, सगळं माझ्याकडे यायचं. दीड वर्षापूर्वी अण्णांना फार थकवा येऊ लागला, म्हणून तपासण्या केल्या. रिपोर्ट माझ्या फोनवर आला. बैठकीत आई, काका, सगळे. अण्णा म्हणाले, वाच. मी सांगितलं, रक्त कमी आहे. शेवटच्या ओळीत होतं — शौचात रक्त सापडलं आहे, गुदद्वारातून दुर्बीण घालून आतडं तपासून घ्यावं. हे वडिलांसमोर, काकांसमोर, मराठीत कसं म्हणायचं? मी म्हणाले, बाकी ठीक आहे. अण्णा पुन्हा डॉक्टरकडे गेलेच नाहीत.

आईला उद्या सांगेन, म्हटलं. मग परवा. मग — इतके दिवस का गप्प बसलीस, असं कुणी विचारलं तर?

त्याच सुमारास एका लेखात वाचलं, ॲस्पिरिनच्या जातीच्या औषधांनी आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी होत असावा. अण्णा हृदयासाठी ॲस्पिरिनचीच बारकी गोळी घेत होते. केवढा धीर आला मला! त्यांना हसत जाऊन सांगितलं. ते सगळ्यांना लागू नाही, रक्त जात असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा — हेही तिथंच होतं, दोन ओळी खाली. तेही मी गाळलं. तेव्हापासून अण्णा जेवणानंतर न चुकता गोळी मागून घ्यायचे, आणि मी आणून द्यायचे. रोज. पोटात दुखायला लागलं तरी.

शेवटी परभणीला नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आतडं तपासा असं आधी कुणी सांगितलं होतं का? अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली — नाही.

आणि आता ते काकांना माझं कौतुक सांगत होते. मी आत गेले, ट्रे खाली ठेवला.

“अण्णा, पहिल्याच रिपोर्टात लिहिलं होतं, आतडं तपासून घ्या. मी वाचलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही.”