भिजत घातलेला कडुनिंब

वैशाखातल्या वादळात माधव नगरच्या आमच्या अंगणातल्या कडुनिंबाची मोठी फांदी मोडून पडली. मुलगी तेव्हा बाळंतपणासाठी आमच्याकडे होती. पहिल्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं होतं, म्हणून या वेळी पलंगावरून फारसं उठायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

शाळेतून रिटायर झाल्यावर मी मागच्या पडवीत लाकूड कातायचं एक छोटं लेथ मशीन बसवलं होतं. फांदी बघून वाटलं, बाळाला पांगुळगाडा होईल. पण आमच्या या हिंदी मुलखातली लू, उन्हाळ्यातला कोरडा गरम वारा, ओल्या लाकडाला सोसत नाही. फांदीचे ओंडके केले, तर संध्याकाळपर्यंत त्यांच्या टोकांना केसाएवढ्या भेगा दिसू लागल्या. मी ती टोकं कापून टाकली आणि ओंडके पाण्याच्या ड्रममध्ये बुडवले. आतला चीक पाण्यात उतरला की लाकूड एकसारखं वाळतं, कमी तडकतं.

बायकोला ते आवडलं नाही. "बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी काही करू नये. मागच्या वेळी मी झबली शिवून बसले होते."

"मी कुठे काय करतोय? फक्त लाकूड भिजवतोय."

पाणी चहासारखं व्हायचं, वास मारायचा. डास नकोत म्हणून मी ते सारखं बदलायचो. खरं तर बोटं फिरवून भेगा चाचपायला मला निमित्त हवं असायचं. आयुष्यभर विज्ञान शिकवलं, तरी लाकूड धड राहिलं तर सगळं धड होईल असं मनात यायचं. मग मी स्वतःवरच चिडायचो, आणि पुन्हा पाण्यात हात घालायचो.

पुढे ओंडके काढून गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवले. एका दुपारी पडवीतून कट्‌ असा आवाज आला.

"बाबा, तडकलं का?" मुलीने खोलीतून विचारलं.

"एकच. बाकीचे बरोबर आहेत."

"खरं सांगताय ना?"

मी तो ओंडकाच तिला नेऊन दाखवला. तिने भेगेवर अंगठा ठेवला. "मला पण दिवसभर हेच टेन्शन असतं," ती म्हणाली. "आत काहीतरी कट्‌ होईल."

मी ओंडका खाली ठेवला आणि तिच्या पायाशी बसून राहिलो.

त्याच आठवड्यात तिला अवेळी कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नेताना टावर चौकात गाडी अडकली, तेव्हा बायकोने मागे तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि मी नुसता हॉर्न वाजवत होतो. मुलगी झाली, अगदी एवढीशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. "अभी वजन बढ़ने दीजिए," एवढंच डॉक्टर सांगायचे. जावई दवाखान्यात थांबायचे. आम्ही दोघं घरी फोनकडे बघत बसायचो.

एका सकाळी बायको म्हणाली, "तुमचं मशीन चालवा हो. घर फार शांत वाटतंय."

"पण तूच म्हणाली होतीस..."

"आता आलीये ना ती. तिच्यासाठी करा."

लाकूड पुरतं वाळलं नव्हतं. तरी चाकं जरा जाड ठेवून कातायला घेतली. बायको दारात उभी राहिली ती शेवटचं चाक निघेपर्यंत.

नात घरी आली तोवर पावसाळा निम्मा सरला होता. ओल लागून चाकं वाकडी झाली होती, ती पुन्हा कातली. वर्ष उलटून गेलं; आता नात तो पांगुळगाडा ढकलत उंबऱ्यापर्यंत जाते. गाडा खडखडतो, जरा डावीकडे ओढतो. मी तिच्यासमोर दोन्ही हात पसरून उलट्या पावली चालतो.

"सोडा हो तिला," बायको म्हणते. "पडेल आणि उठेल."

मला अजून ते जमत नाही.