दफेदारांच्या हातचा हलवा

माझे मामा येसाजीराव हे म्हैसूरच्या राजांच्या रिसाल्यातले निवृत्त दफेदार. त्यांची मिशी त्यांच्या आधी दारातून आत येते. दसऱ्याच्या मिरवणुकीत त्यांचा घोडा एकदा बिथरला आणि त्यांनी तो नुसत्या मांडीच्या दाबानं जागच्या जागी उभा केला, ही हकीकत मी इतक्या वेळा ऐकली आहे की तो घोडा रस्त्यात भेटला तर मला ओळख देईल. पण ज्या कामात मामांच्या तोडीचा माणूस सबंध म्हैसुरात नव्हता, त्याबद्दल मात्र त्यांनी कित्येक वर्षं चकार शब्द काढला नाही. मामा संक्रांतीचा हलवा करत.

हलवा करणं म्हणजे काही लाडू वळणं नव्हे. परातीत तीळ किंवा खसखस घ्यायची, खाली निखारे असून नसल्यासारखे ठेवायचे, आणि पाकाचा थेंब थेंब सोडत बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा थेंब, पुन्हा बोटं. असे कित्येक दिवस. हात जड पडला तर गोळा होतो, निखारा चढला तर दाणा पिवळा पडतो. आणि एवढं सगळं करूनही काही जणींच्या हाताला काटा येतच नाही. त्याला इलाज नाही.

मामीच्या, म्हणजे अंबुबाईंच्या हाताला तो नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूनं तिला परातीपुढं बसवलं, तर हलवा झाला वाटाण्यासारखा गुळगुळीत. सासूबाई म्हणाल्या, "हे काय, गोफणीत घालून मारायला केलंस?" नवी नवरी मागच्या दारी जाऊन रडत बसली. मामा तेव्हा मिसरूड फुटलेले शिपाई. लहानपणी आईच्या मांडीशी बसून त्यांनी हे काम बघितलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी स्वयंपाकघराला आतून कडी घातली आणि स्वतः परात पुढं ओढली. असं त्यांनी पुढचे चार दिवस केलं. सासूबाईंनी पाहिलं तेव्हा परातीत जाईच्या कळ्या उधळाव्यात तसा टोकदार हलवा. "आला हो हात सुनेला," त्या म्हणाल्या. मामांनी बायकोकडं बघून डोळा मिचकावला. ही सुरुवात. सुरुवातीला यात लाजण्यासारखं काहीच नव्हतं, उलट मला तर वाटतं, मामांनी आयुष्यात केलेलं हे सगळ्यात देखणं काम.

पुढं सासूबाई गेल्या, पण कडी काही निघाली नाही. दर वर्षी हलवा मामांनी करायचा आणि नाव मामीचं व्हायचं. मराठ्यांच्या आळीत कुणाकडं नवी सून आली की तिचे हलव्याचे दागिने अंबुबाईंकडूनच. बिंदी, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं काळ्या साडीवर चांदण्यासारखं दिसायचं. शेजारच्या कानडी नागरत्नम्मा त्यांच्या रीतीप्रमाणं तीळ-गूळ-खोबऱ्याचं ताट आणि साच्यातले साखरेचे हत्ती-पोपट घेऊन यायच्या, आणि हलव्याचा दाणा बोटावर घेऊन "अय्यो, मुळ्ळु नोडी, मुळ्ळु!" म्हणत काटे निरखत बसायच्या. मामी खाली बघायची. लोकांना वाटायचं, काय हा विनय.

तसं बघितलं तर म्हैसुरात पुरुषानं चुलीपुढं बसण्यात लाज कसली? इथं लग्नामुंजीचा स्वयंपाक पुरुषच करतात, आणि यजमान त्यांच्यापुढं हात जोडून उभे असतात. मामांची अडचण वेगळी होती आणि ती त्यांनी स्वतःच्या तोंडानं करून ठेवली होती. रिसाल्यात त्यांचे एक सोबती होते, भीमसेन म्हणून. बायको वारलेली, घरात तीन मुली. म्हैसूरच्या रीतीप्रमाणं नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या तर त्यांना परकर-चोळ्या कोण शिवणार? भीमसेन शिवायचे. मामांना हे कळलं आणि त्यांनी भर पागेत त्यांचं नाव ठेवलं 'भीमाबाई'. ते नाव असं चिकटलं की भीमसेनांचा घोडासुद्धा त्या नावानं मान वळवायचा. आता ज्यानं हे नाव ठेवलं, तोच घरी कडी लावून बिंदी गुंफतो म्हटल्यावर त्याचं नाव लोकांनी काय ठेवलं असतं?

शहरात विजेचे दिवे येऊन काही वर्षं झाली होती, त्या सुमाराची गोष्ट. संक्रांतीला महिना होता. संध्याकाळी मामांच्या ओट्यावर नेहमीची मंडळी जमलेली, भीमसेनही होते. तिथं शहरातल्याच चामराजपुरम भागातून दामोदरराव आले. कचेरीतले मोठे अधिकारी, नवं घर, नवी सून. बरोबर त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई.

"दफेदार, अंबुबाईंना संक्रांतीच्या आधी आमच्याकडं पाठवा," दामोदरराव म्हणाले. "आमच्या वनजाचा पहिला सण. तिच्या माहेरची माणसं तंजावरहून यायचीत."

"त्यांना म्हणे काटा डोळ्यांदेखत येताना बघायचाय," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, या तर खरं. आमच्या अंबुबाई तुमच्यापुढं बसून करून दाखवतील."

मामी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं मामांकडं बघून मान हलवली. नाही म्हणा. मामांनी ते पाहिलं. पण चार माणसं बघत होती, आणि मिशी तर चोवीस तास बघतच असते.

"पाठवा कसलं? आलीच समजा," मामा म्हणाले. "डोळे मिटून करते ती."

झालं. एका वाक्यात बायकोला रणांगणावर धाडून दफेदार ओट्यावरच बसले.

मग मामांनी तिला शिकवायला घेतलं. रोज पहाटे कडी, परात आणि कवायत.

"हात हलका! लगाम धरल्यासारखा! ओढू नकोस, नुसता असू दे!"

"अहो, ही परात आहे. घोडा नव्हे."

"पाक घाईनं सोडलास बघ. थांब म्हटलं की थांबायचं."

"थांबतेच आहे की लग्न झाल्यापासून."

पण काटा येईना. एके दिवशी मामीनं परात बाजूला सारली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "साकु, पुरे आता. माझ्यानं होत नाही. तुम्ही जाऊन सांगा."

"काय सांगू? तुला ताप आलाय?"

"ताप कशाला? मी करत नाही, माझे हे करतात, एवढं सांगा. मी नाही लाजणार. तुम्हाला लाज वाटते म्हणून इतकी वर्षं मी लाजतेय."

मामा निखाऱ्यांवर राख सारत बसले. बराच वेळ सारली. मग म्हणाले, "बघू. तिथं थंडी जास्त असते. येईलही काटा."

चामराजपुरम मामांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथं वेगळी थंडी कुठून येणार होती?

मामी गेली. पहिल्या दिवशी कुणी काही बोललं नाही, दाणा अजून लहान होता. तिसऱ्या दिवशी मामा तिला आणायला म्हणून गेले. बाहेरच्या ओट्यावर पुरुष मंडळी पान खात बसली होती, दामोदररावांनी त्यांनाही बसवून घेतलं. पाठीमागच्या खिडकीतून माजघरातलं सगळं ऐकू येत होतं.

"काटा कधी येतो हो?" तंजावरची एक बाई.

"येईल," मामीचा आवाज.

"आमच्याकडं बुंदीला असाच आकार असतो."

हसणं. मग शकुंतलाबाईंचा आवाज, चिडलेला, कारण पाहुण्यांपुढं पत त्यांची गेली होती. "अंबुबाई, खरं सांगा. दर वर्षी तो हलवा कुठून आणत होता तुम्ही? कुणाकडून विकत आणून घरचा म्हणून वाटत होता की काय?"

माजघर गप्प झालं. ओटाही. मामांना उठायला एवढा वेळ पुरेसा होता. पायात चपला घालायचीही गरज नव्हती, त्या पायातच होत्या.

"होय," मामी म्हणाली. "विकत आणत होते."

दामोदररावांनी मामांच्या मांडीवर थाप मारली. "काय दफेदार! तुम्हालाही पत्ता नाही? घरात राहून फसवलं की हो तुम्हाला!"

आणि मामा हसले.

हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, आणि सांगताना भिंतीकडं तोंड करून सांगितलं. "हसलो रे," म्हणाले. "नुसता नाही, चांगला मोठ्यानं हसलो. वर म्हटलं, बायकांचं काही सांगता येत नाही बुवा."

परतताना मामी दोन पावलं मागं चालत होती, रोजच्यासारखी. मामांना वाटत होतं, ही ओरडेल, रडेल, निदान भांडी तरी आपटेल. तिनं वेळेवर पान वाढलं. भातावर तूप घातलं. मामा भात नुसता चिवडत बसले.

"मी उद्या जाऊन सांगतो," ते म्हणाले.

"आता कशाला? मी विकत आणला म्हणाले ना? तुम्ही वेगळं सांगितलंत की मी पुन्हा खोटी. एकाच घरात दोनदा खोटी पाडू नका मला." मग ताटाकडं बघत म्हणाली, "आणि तुम्ही हसलात ते मला आत ऐकू आलं."

मामा चार-पाच दिवस घराबाहेर पडले नाहीत. हलवा तर लागणारच होता, त्या पोरीची पहिली संक्रांत होती आणि तिचा काही दोष नव्हता. मामांनी परात मांडली, पण कडी लावली नाही. दार उघडं टाकून बसले. म्हणजे फार मोठा पराक्रम केला असं नाही, मागचं दार ते, त्यातून एक गाय तेवढी डोकावली. भोगीच्या सकाळी त्यांनी तयार दागिने ताटात घेतले, अर्धवट चढलेला थोडा दाणा पंच्यात बांधला, रिसाल्यातला कोट चढवला आणि निघाले. मामीला विचारलं नाही. तिनंही कुठं निघालात म्हणून विचारलं नाही.

दामोदररावांनी ताट बघितलं. "वा! कुठून विकत आणलंत?"

"मी केलेत."

दामोदररावांचे डोळे चक्क पाणावले. "दफेदार, नवरा असावा तर असा. बायकोची लाज झाकायला माणूस काय काय अंगावर घेतो!" त्यांनी आत हाक मारली, "अहो, ऐकलंत का? येसाजीराव म्हणतात, त्यांनी केलेत!"

बायका दारात जमल्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर कौतुक. मामा सांगतात, तोफेच्या तोंडी उभं राहणं याहून सोपं. माणूस मोठ्या कष्टानं आपली लाज उघडी करायला जातो आणि लोक तिच्यावर शाल घालतात.

"शेगडी आणा," मामा म्हणाले.

"असू द्या हो, कळलं आम्हाला..."

"शेगडी आणा!" हा आवाज पागेतला होता. शेगडी आली.

मामांनी कोट काढून खुंटीला अडकवला, माजघराच्या दारातच मांडी घातली, पंच्यातला दाणा परातीत ओतला आणि पाक सोडायला सुरुवात केली. एवढी थोरली मिशी परातीवर वाकलेली बघून तंजावरच्या पोरींना हसू आवरेना. पण थंडी होती, निखारा मऊ होता आणि हात तर तोच होता. तासाभरानं हसणं थांबलं. दाण्यावर बारीक टोकं उभी राहिली होती. वनजा, ती नवी सून, पुढं वाकून म्हणाली, "आला की हो काटा!"

आणि मग शकुंतलाबाईंनी विचारलं, अगदी हळू, टोमणा नव्हता त्यात. "मग अंबुबाईंनी विकत आणला असं का सांगितलं?"

हलवा करताना दिसलो तर लोक काय म्हणतील, या भीतीत मामांनी सगळी उमर घातली होती, आणि त्यावर तर कुणी काहीच म्हटलं नाही. हा प्रश्न मात्र त्यांच्या हिशेबात नव्हता. हात परातीत थांबला. दाणे चिकटायला लागले.

"मी बाहेर ओट्यावर बसलो होतो," मामा म्हणाले. "ऐकत होतो. तिला ठाऊक होतं मी बसलोय. माझं नाव घेतलं नाही तिनं." मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "आणि मी हसलो."

दामोदररावांना आपली मांडीवरची थाप आठवली असावी, ते उगाच पानाचा डबा उघडू लागले. कुणीही 'असू द्या' म्हटलं नाही. वनजानं शेगडी ओढून बाजूला घेतली.

घरी आल्यावर मामी तीळ निवडत होती. मामांनी सांगितलं, "सगळं सांगून आलो."

"हसलात तेही?"

"तेही."

"बरं केलंत," ती म्हणाली आणि निवडत राहिली. संक्रांतीला शकुंतलाबाई स्वतः हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. मामीनं त्यांना पाट दिला, गोड बोलली, आणि गेली नाही.

त्याला आता तीन संक्रांती झाल्या. मामा हलवा ओट्यावर बसून करतात. आळीनं त्यांचं नाव 'येसूबाई' ठेवलं आहे, आणि त्या नावानं हाक मारली तर ते 'ओ' देतात. मामी तो हलवा आल्या-गेल्या सगळ्यांना वाटते आणि कुणी तारीफ केली तर "ह्यांनी केलाय" म्हणून सांगते. स्वतः मात्र एक दाणाही तोंडात घालत नाही.

यंदा मी पिरियापट्टणहून सणाला मामांकडंच आलो होतो. मामांनी वाटी तिच्यापुढं सरकवली. "एक तरी घे."

मामीनं त्यातला एक दाणा उचलला, उजेडाकडं धरला. "काटा छान आलाय," म्हणाली. तेवढ्यात नागरत्नम्मा ताट घेऊन दारात आल्या. मामीनं तो दाणा त्यांच्या हातावर ठेवला. मामा वाटी बाजूला ठेवून परात घासायला उठले.