वेगाची सेटिंग

जुना सीपीयू उघडला की तापलेल्या धुळीचा वास येतो आणि मंगरूळपीरच्या माझ्या दुकानातली ती दुपार आठवते. आसेगावच्या एका फोटोग्राफरच्या कॉम्प्युटरमधून लग्नाचे फोटो काढून घेत होतो आणि दर वेळी वेगळाच फोटो अर्धा राखाडी निघत होता. त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. “काहून येऊन नाई राह्यले जी? नवरीचे बाबा वारले परवा, तिले त्यायचे सारे फोटो पायजे.” नवी हार्ड डिस्क लावून तिच्यावर उतरवले, तरी तेच. मग आठवलं, काम लवकर व्हावं म्हणून मागच्या महिन्यात याच कॉम्प्युटरमधली डिस्कच्या वेगाची सेटिंग मीच सगळ्यांत वर नेली होती. ती गुपचूप खाली आणली आणि बाबा अख्खे आले. “तुमची डिस्कच खराब होती,” मी म्हणालो. ती खराब डिस्क तो माझ्याकडेच ठेवून गेला. माझ्या दुकानात ती अजून चालते.